भारतनं घेतलेलं नाव

तिसरी डिस्कसुद्धा मध्यावरच अडकली म्हणून फोन आला, तेव्हा वैजनाथनं दुकानातल्या मशीनला तोंडाला येईल ती शिवी घातली. मशीनचं बरं असतं, ते ऐकून घेतं.

नांदेडात वजिराबादेच्या आतल्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ. आता स्टुडिओ आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. लग्नवाले सगळे ड्रोनवाल्या पोरांकडं पळाले, वैजनाथकडं उरले पासपोर्ट फोटोवाले आणि झेरॉक्सवाले. डीव्हीडी मागायला कुत्रं फिरकत नव्हतं. तरी डिस्क राइट करायचं मशीन त्यानं जपून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणायचा, भंगारवाला भाव देत नाही. खरं म्हणजे त्याच्यानं ते विकवत नव्हतं, पण एवढं खरं बोलला तर तो वैजनाथ कसला.

फोन यायचा निलंग्याकडच्या एका खेड्यातून, सरस्वतीबाईंचा. त्यांच्या लेकाचं, भारतचं लग्न वैजनाथनंच शूट केलं होतं. भोकरला, मुलीच्या दारात, बारा-तेरा वर्षांमागं. पुढं एका संध्याकाळी भारतची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून गेली आणि खेळ खलास झाला. लेकरूबाळ नव्हतं. वर्ष सरल्यावर सरस्वतीबाईच सुनेला म्हणाल्या, पुनम, तू माहेरी जा पोरी, तुझं सगळं आयुष्य पडलंय. पुनम गेली, तिचं दुसरं लग्न झालं, चांगलं झालं. घरातली एकुलती एक लग्नाची डिस्क तिच्या सामानासोबत गेली ती कुठं गेली, कोणाला ठाऊक. दुसऱ्याच्या घरी नांदणाऱ्या पोरीला असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

बाईंचं मागणं मात्र एवढुसं होतं. लेकाच्या लग्नाला त्या गेल्या होत्या, पण मांडवात नव्हत्या. त्यांचा नवरा, भारत पाळण्यात होता तेव्हाच गेलेला. अशा बाईनं शुभकार्यात पुढं पुढं करायचं नसतं, हे आपल्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. जळो असली रीत, पण आहे. त्या जानवशाच्या घरात सामान राखत बसल्या. इकडं पंगत बसली, नवरानवरीनं एकमेकांना घास भरवायची वेळ आली, बायकांनी भारतला नाव घ्यायला लावलं. तर ह्या पठ्ठ्यानं उखाण्यात आधी आईचं नाव घेतलं आणि मग बायकोचं. सगळा मांडव हसला म्हणे. पुनमनं हे पुढं चुलीपाशी सासूला सांगितलं होतं, लटक्या रागानं. उखाणा काय होता ते तिच्या ध्यानात नव्हतं. आणि घरी डिस्क लावली की ती जागा आली रे आली, भारत लाजून पुढं पळवायचा. आई म्हणायची, बघू दे की रे. तो म्हणायचा, पुढच्या टायमाला. आता पुढचा टाइम आणायचा कुठून?

भर मांडवात लेकानं आपलं नाव घेतलं, ते त्याच्या तोंडून एकदा कानानं ऐकायचं. ह्याच्यावाचून बाईला दुसरं काही नको होतं.

पुतण्या भागवत लातूरला दाळमिलात कामाला. तो म्हणाला, काकू, मोबाईलमधी आणून देतो. तर बाई म्हणाल्या, त्यात लेकरू बोटाएवढं दिसतंय. भारतनं पहिल्या पगारातून घेतलेला टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर घरात होता, त्याच्यावरच बघायचं. त्या प्लेअरला पेनड्राइव्ह लागत नव्हता. वैजनाथच्या कॉम्प्युटरमध्ये त्या लग्नाचा सिनेमा अजून पडून होता. त्यानं सोपी वाट सांगितली, मावशी, सिनेमा मोठा हाय, दोन साध्या डिस्कवर करून देतो, अर्धा हिच्यात, अर्धा तिच्यात.

 मग बाई म्हणाल्या, “नको बाबा. दवाखान्यातून आणला तवा लई शिवलेला होता त्यो. आता अजून दोन भाग नको करूस.”

 वैजनाथ हाव म्हणाला.

मग राहिली डबल लेअरची डिस्क. एका चकतीच्या पोटात दोन थर. नांगर जसा तासाच्या शेवटी बांधापाशी जाऊन वळतो ना, तसा मशीनमधला उजेडाचा किरण आतून निघतो, पहिला थर लिहीत काठापर्यंत जातो, तिथं वळतो आणि दुसऱ्या थरातून परत आत येतो. सगळी रड त्या वळणावर. वैजनाथच्या पहिल्या दोन डिस्क तर मशीनमध्येच वाया गेल्या, अर्ध्यावर आल्या की लाल अक्षरं. त्यानं स्पीड उतरवला, बैलगाडीच्या चालीनं लिहायला लावलं. लेन्स पुसली, पंखा लावून मशीन गार ठेवलं. दुसऱ्या कंपनीचा माल हुडकून आणला, जुन्या स्टॉकमधला, कारण नवा आता येतच नाही. तेव्हा कुठं डिस्क शेवटपर्यंत लिहिली गेली. दुकानातल्या प्लेअरवर त्यानं मधल्या वळणाच्या पुढं नेऊन बघितली. चित्र सुरळीत चाललं. आवाज बंद ठेवायचा तो, एकच लग्न दिवसभर ऐकून माणूस येडा होईल. भागवतच्या हाती डिस्क पाठवली.

दोन दिवसांनी फोन. “पंगत बसती अन् थांबतंय बघ.”

दुसरी पाठवली. तीही पंगतीपाशी थांबली. तिसरीचं तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. वैजनाथ म्हणाला, मावशी, खराब निघालेली माघारी पाठवा, बघतो तरी काय झालंय. त्यावर बाईंचं उत्तर एकच, “ती न्हाई देता यायची.” का, ते सांगेनात. वैजनाथला वाटलं, म्हातारी चिकट हाय, फुकट आलेलं सोडवत नसंल. माणूस आपल्यावरून जग ओळखतो, त्याला इलाज नाही.

शेवटी त्यानं ठरवलं, दोष त्यांच्या प्लेअरचा असणार. स्वतःचा प्लेअर पिशवीत घातला, उरलेली एक डिस्क लिहिली आणि सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, तिथून निलंगा, पुढं काळीपिवळी. मांडीवर प्लेअर धरून बसला होता, शेजारच्या माणसानं विचारलं तर म्हणाला, पाव्हण्याचं काम हाय.

सरस्वतीबाईंनी दारातच त्याचा चेहरा ओळखला. “कॅमेरावाला तूच न्हवं? जानवशात येऊन चहा घेऊन गेला होतास.” वैजनाथला काही आठवत नव्हतं. त्यानं मान हलवली. बाईंनी पाणी दिलं, चहा दिला, पाटावर बसवलं.

“मावशी, त्या आधीच्या डिस्का बघू द्या.”

बाई कोनाड्यातल्या देवघराकडं गेल्या. तिथं खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, गेलेल्या नवऱ्याचा चांदीचा छोटा टाक, आणि त्यांच्या पंक्तीला ह्या तिन्ही डिस्का, चमकती बाजू वर करून, एकावर एक झेंडूचं फूल. बाईंनी वरची अलगद उचलली, कपाळाला लावली आणि त्याच्या हातात दिली.

काठावर चारी दिशांना ओल्या कुंकवाची बोटं होती. रोजची, एकावर एक, वाळून पापुद्रा धरलेली.

“सोनार म्हणला भारतचा टाक करून देतो,” बाई सांगू लागल्या. “पण सोनार काय, नाक काढतंय, डोळे काढतंय, सगळ्यायचे सारखेच. ह्याच्यात तर सगळा भारतच हाय. म्हणून रोज पाणी घालते, पुसते, कुंकू लावते. मधी न्हाई लावत, मधी त्याचं तोंड आसंल. काठाकाठानं लावते.”

“आन् टीव्हीला लावताना?”

“कुंकू आधी, टीव्ही मागनं. तशीच लावते. लेकराचं कुंकू कसं पुसायचं?”

वैजनाथला सगळा उलगडा झाला. किरण आतून निघून काठापर्यंत नीट येत होता आणि नेमका वळायच्या जागी कुंकवावर आपटत होता. खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंच वाटलं. मशीन चांगलं, डिस्क चांगली, आपला हात चांगला. इतक्या दिवसांचा घोर उतरला. आणि त्या भरात तो बोलून गेला, “मावशी, हे कुंकवानंच झालंय बघा. त्याच्यानं पुढचं दिसतच न्हाई.”

बाई म्हणाल्या, “म्हणजे मीच त्याचं तोंड दाबून राहिले व्हय, इतके दिवस?”

“तसं न्हाई, मावशी.”

“तसंच की.” त्यांनी पदर तोंडाला लावला. मग सोडला आणि म्हणाल्या, “पूस बाबा. तूच पूस, माझा हात न्हाई वळायचा.”

नवी डिस्क पिशवीत होती, पण बाईंना हीच लावायची होती. वैजनाथनं ओल्या फडक्यानं, आतून बाहेर, हलक्या हातानं पुसली. फडकं लाल झालं. ते बाईंनी घडी करून देवघरात ठेवलं, टाकू दिलं नाही.

भारतच्याच प्लेअरवर डिस्क लावली. वैजनाथनं पुढं पळवलं, अक्षदा पडल्या, लोक उठले, पंगत बसली. बाईंनी कानावरचा पदर मागं केला आणि पाट टीव्हीच्या जवळ ओढला. वळणापाशी चित्र पापणी लवावी तेवढं थांबलं, आणि चाललं पुढं. भारत पाटावर बसलेला, हातात जिलबीचा तुकडा, पुनम मान खाली घालून, भोवती बायकांचा गराडा. बायका त्याला ढोसत होत्या. भारतनं सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं, लाजला, आणि तोंड उघडलं.

आणि गाणं सुरू झालं. सनई, ढोलक, एक बाई प्रेमाचं काहीतरी गात होती.

वैजनाथनं गाणं ओळखलं. ते गाणं त्यानंच टाकलं होतं. त्या काळी सगळेच टाकायचे. मांडवात जनरेटरची घरघर, माईकवर आहेराची नावं, कोणाचं बोलणं नीट येतच नव्हतं. मग काय, मूळचा आवाज उडवायचा आणि गाणं चढवायचं, गिऱ्हाईकही खूश. शेकडो लग्नं केली, कुठं काय उडवलं ते कोण ध्यानात ठेवतं? मूळ टेप तर त्याच आठवड्यात मुखेडच्या लग्नाला वापरली होती. भारतच्या बोलण्यावर मुखेडची वरात चढून गेली होती.

“ते गाणं जरा बारीक कर बाबा,” बाई म्हणाल्या. “भारत बोलून राहिलाय.”

त्यानं रिमोट दाबला. गाणं बारीक झालं.

“अजून.”

त्यानं अजून दाबला. दाबत दाबत शून्यावर आणलं. भारतचे ओठ हलत होते. बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या, पुनमनं डोळे वटारून वर बघितलं. कुठून तरी शेजारच्या कोंबडीचा आवाज आला, तेवढाच.

“मागं घे.”

त्यानं मागं घेतलं. बाई उठल्या आणि टीव्हीच्या स्पीकरच्या जाळीला कान लावून उभ्या राहिल्या. त्यांना आता चित्रही दिसत नव्हतं. ओठ हलले, बायका हसल्या. परत मागं घेतलं, परत तेच. शेवटी बाई बाजूला झाल्या.

“कानच गेले वाटतं माझे,” त्या म्हणाल्या. “वय झालं. तुला आलं का ऐकू? घेतलं का माझं नाव?”

आता इथं वैजनाथ हाव म्हणाला असता तर कोणी त्याला धरायला येणार होतं? कोणी नाही. आयुष्यभर त्यानं असं निभावून नेलंच होतं. पण मघाच कुंकवाचा दोष ह्या बाईनं मुकाट आपल्या डोक्यावर घेतला होता, आणि आता कानांचाही घेत होती. एवढं मात्र त्याच्यानं बघवलं नाही.

“मावशी, कान तुमचे चांगले हायत,” तो म्हणाला. “त्यात आवाजच न्हाई. तवा मीच काढला. गोंगाट लई होता, म्हणून बोलणं काढून गाणं टाकलं.”

 आता बाई चार शिव्या देईल, हाकलून देईल, तर बरं होईल, असं वैजनाथला झालं होतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर रागच नव्हता. उलट त्या जरा सावरूनच बसल्या.

“तू काढलास?”

“हाव.”

“मग काढून ठेवला असशील की कुठंतरी,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “तेवढाच दे बाबा. चित्र न्हाई मागत मी.”

आणि त्या त्याच्या पिशवीकडं बघू लागल्या.