शिशाचा दिवा

"तिसऱ्यांदा? अहो बाई, तुमच्या धाकानं आकडा बदलणार आहे का?" प्रयोगशाळेचे थोरले साहेब दारातूनच म्हणाले.

ती वळलीच नाही. "बाटली नीट धुतली नसेल, सर."

"तुम्ही? आणि नीट धुतली नसेल?"

यंत्रात शिशाचा दिवा जळत होता. नव्या मुलींना ती हसत सांगायची, "अणू मोठे चोखंदळ असतात गं. शिसं जो प्रकाश बाहेर टाकतं, नेमका तोच शिशाची वाफ गिळते. पलीकडे प्रकाश कमी पोहोचला, की समजायचं, मध्ये शिसं आहे."

आज मध्ये तिच्या दोन वर्षांच्या लेकीचं रक्त होतं. आधी नुसतं पाणी घातलं, तेव्हा प्रकाश पुरता पोहोचला. मग रक्ताच्या थेंबाची वाफ झाली आणि प्रकाश घटला. तिन्ही वेळा तेवढाच.

पोर महिनाभर पोटाशी पाय घेऊन रडत होती. "दात येतायत," सासूबाई म्हणाल्या. पण आलेले चार शब्दही ती बोलेनाशी झाली, तेव्हा हिनं तिचं रक्त तपासायला आणलं.

साहेब खुर्ची ओढून बसले. "यजमान शिशाच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात ना?"

"अंघोळीशिवाय तिला हात लावत नाही तो. मीच शिकवलंय." ती थांबली. "माझी दुपारपाळी असली की ती झोपत नाही, सर. बाबाचा वास लागतो. म्हणून त्याचा कामावरचा शर्ट... मीच ठेवून जाते उशाशी. बाही चोखत झोपते."

साहेबांनी यंत्र बंद केलं.

घरी नवरा निकालाची वाट बघत दारातच उभा होता. "माझ्यामुळे ना?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही रे. माझ्यामुळे." तिनं सगळं सांगितलं.

त्यानं लेकीकडे पाहिलं. "तिचे शब्द येतील परत?"

"येताना डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, बघू."

तो न्हाणीघरात गेला, तो कातडी लाल होईस्तोवर घासूनच बाहेर आला. लेकीला छातीशी घेऊन थोपटू लागला. तिनं त्याच्या मानेत नाक खुपसलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. नुसता साबणाचा वास. मग त्याच्या हातातून वळवळत सुटून ती गादीवर उतरली आणि रडत रडत उशीखाली बाबाला शोधू लागली.