बरणीतली केबल

माझ्या वडिलांचा काचेच्या बरणीवर देवापेक्षा जास्त विश्वास. आभाळ भरून आलं की ते रेडिओची केबल उपटायचे, तिचं टोक रिकाम्या बरणीत सोडायचे आणि बरणी पायाशी ठेवून खुशाल बसायचे. रेडिओवरून एकमेकांशी बोलणारे जुने हौशी लोक असंच करतात म्हणे. काचेतून वीज जात नाही! मी वीस वर्षं कारखान्यात वायरिंग करतेय. मैलभर हवा फाडून येणारी वीज बरणीपाशी थांबून परवानगी मागणार आहे का?

"तुझं आपलं काहीतरीच," बाबा म्हणायचे. "चाळीस वर्षांत काही झालं नाही."

"व्हायचं ते एकदाच होईल, बाबा."

मला भीती वाटायची, सरळ सांगते. गच्चीवर तीस फुटी खांब, त्यावर अँटेना आणि तिची केबल थेट माझ्या बापाच्या गुडघ्यापर्यंत.

शेवटी एका सुट्टीला मी हातोडा उचलला. खिडकीखाली तांब्याचा रॉड ठोकला. जमीन इतकी कडक की तळहाताला फोड आले. खिडकीबाहेर, हात पोचेल असा, पत्रा बसवला आणि त्यावर अँटेनातून आलेली वीज रॉडवाटे जमिनीत उतरवणारा अरेस्टर. केबल तिथंच जोडायची, तिथंच सोडायची. सोडलेलं टोक घरात आणायचंच नाही. मग रॉडपासून घराच्या अर्थिंगपर्यंत जाड वायर ओढली, कारण दोन अर्थिंग वेगवेगळी राहिली तर वीज घरातूनच रस्ता काढते. भिंतीला भोक पाडलं म्हणून बाबा दिवसभर तोंड फुगवून बसले.

"एवढं करूनही केबल काढायचीच," मी बजावलं. "रेडिओत खरखर वाढली की लगेच. गडगडाटाची वाट बघायची नाही."

"आणि नेमकी चार वाजता वाढली तर?"

खरं दुखणं तिथं होतं. रोज चारला बाबा रेडिओवर बोटवाल्या काकांशी बोलायचे. काकांनी जन्मभर जहाजावर रेडिओ सांभाळला, आता ते अंथरुणाला खिळलेत. एकही दिवस चुकवणार नाही, असा बाबांनी त्यांना शब्द दिला होता.

चौथ्याच दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, खरखर सुरू झाली. खिडकीतून पाहिलं तर लांबवर काळंकुट्ट.

"बाबा, काढा."

"एक मिनिट."

"बाबा!"

"अगं, तो बोलतोय. मधेच कसं तोडू? त्याला दुसरं आहे कोण?"

काका "ओव्हर" म्हणाले तसा मी बाबांच्या हातातला माइक हिसकावला. असं आमच्या घरात कधी कुणी केलं नव्हतं.

"काका, मी बोलतेय. इकडे वीज येतेय आणि हे तुमच्यासाठी जागचे हलत नाहीत. आता तुम्हीच सांगा. ओव्हर."

खरखरीतून तो थकलेला आवाज आला.

"गाढवा, ऊठ. मला तू उद्याही हवायस."

बाबा उठले. खिडकीतून हात बाहेर घालून केबल त्यांनी स्वतः सोडवली, मला हातही लावू दिला नाही. पहिला गडगडाट झाला तेव्हा ते आतल्या खोलीत माझ्या शेजारी बसून नाक ओढत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.