थोडंसं टोचेल हं, भाऊ

अतिदक्षता विभागात तिला सगळे कॉमेंट्री सिस्टर म्हणायचे, तेही तोंडावर. हाताला काम लागलं की तिच्या तोंडाची टकळी सुरू. "आजी, कूस बदलतेय हं." "काका, चेहरा पुसतेय, डोळे मिटा." काका आठवडाभर डोळे मिटूनच पडलेत, याचं तिला काही नसे.

त्या दुपारी याच टकळीने घात केला.

खिडकीजवळच्या खाटेवर ड्रायव्हिंग क्लासवाले भाऊ होते. उभा जन्म नवशिक्यांच्या शेजारी बसून काढला, केसालाही धक्का लागला नाही. आणि घरी बल्ब बदलायला स्टुलावर चढले ते थेट डोक्यावर आपटले. मेंदू कायमचा बंद पडला होता. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या दोनदा केल्या, यंत्र काढून भाऊ आपणहून श्वास घेतात का तेही पाहिलं. नाही घेतला. माणूस गेलाय, हृदय चालतंय ते यंत्राच्या श्वासावर, असं त्यांनी भाऊंच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, स्वच्छ सांगितलं. अवयव द्यायला वहिनी हो म्हणाल्या.

आणि रक्ताचा नमुना घ्यायला वाकलेली सिस्टर बोलून गेली, "थोडंसं टोचेल हं, भाऊ."

वहिनी ताडकन उठल्या. "कुणाला टोचेल?"

सिस्टरची सुई हवेतच राहिली.

"गेलेत ना ते? मग टोचणार कुणाला? म्हणजे तुम्हालाही ते जिवंतच वाटतात! मी काही देणार नाही."

डॉक्टर धावत आले. बिचाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. वहिनी नवऱ्याचा हात धरून ऐकत होत्या. "गरम आहे हो हात. माझ्यापेक्षा गरम." यावर डॉक्टरांकडे उत्तर होतं, पण उत्तराने हात गार होणार नव्हता. "जबरदस्ती नाही. नाही म्हणालात तरी चालेल," एवढं म्हणून ते बाहेर गेले.

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठेतरी कुणी यकृताची वाट बघत होतं, आणि हिच्या जिभेला हाड नव्हतं. चुकून बोलले, असं सांगून सुटता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं.

"वहिनी, मी सगळ्यांशीच बोलते. बेशुद्ध माणसाशी बोलले की जरा थांबते. कधी पापणी हलते, कधी बोट. भाऊंशी बोलतानाही थांबायचे. शेवटच्या तपासणीनंतर थांबत नाही. आत्ता तुम्ही विचारल्यावर कळलं मला."

"मग बोलता तरी कशाला?"

"मुकाट्याने माणसाच्या अंगाला हात लावणं मला नाही जमत हो."

वहिनी खाली बसल्या. मग भाऊंच्या कानाशी वाकल्या. "अहो, ऐकलंत का? गाडी मीच नेणार आहे घरी. चढावरून. चौथ्या गिअरमध्ये."

एरवी एवढं ऐकून भाऊ गाढ झोपेतून उठून ओरडले असते.

"हँडब्रेक न काढता," वहिनींनी आणखी डिवचलं. सिस्टरला हसू फुटता फुटता डोळ्यांत पाणी आलं. भाऊंची छाती यंत्राच्या ठेक्यात वरखाली होत राहिली.

वहिनींना हुंदका आवरेना. सिस्टरला बोलल्यावाचून राहवलं नाही. "वहिनी, उत्तर आलं नाही म्हणून काही ठरवू नका. बेशुद्ध माणूसही गप्पच असतो. भाऊ गेल्याचं ठरलंय ते तपासण्यांवरून. माझ्या टकळीवरून नाही, आणि तुमच्या हँडब्रेकवरूनही नाही."

"ठरलं ते कळलंच होतं," वहिनी नाक पुसत म्हणाल्या. "पटायचं राहिलं होतं. बोलवा डॉक्टरांना. माझं हो आहे."

स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरकडे निघालं तेव्हा वहिनी हात धरून बरोबर चालत होत्या. सिस्टर ओठ घट्ट मिटून दुसऱ्या बाजूला. पुन्हा काही भलतं निघायला नको.

दाराशी वहिनी थबकल्या. "गप्प का झालात?"

"पुन्हा काही चुकीचं बोलले तर..."

"बोला हो. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी बोला. तुम्ही मुकाट्याने आत नेलंत, तर हा हात मला सोडवणार नाही."

सिस्टरने घसा खाकरला. "भाऊ, दार आलं हं. वहिनी इथेच थांबतायत. पुढे मी आहे तुमच्याबरोबर."

वहिनींनी हात सोडला.