कोणाचा ठेका

"लेकीच्या लग्नात ठेका चुकलात, तर मी धाकट्या भावोजींबरोबर नाचेन," बायकोने नृत्यवर्गाच्या दारातच बजावले.

छंदशास्त्रात हयात घालवलेल्या मला "ड्रम ऐका, गायक नको" असे सुनावण्याचे औदार्य मास्तरांनी दाखवले. ड्रम काही सापडेना; गायक रेंगाळत होता, पियानो घाई करत होता. अखेर मी मुकाट्याने बायकोच्या खांद्याकडे पाहून पावले टाकू लागलो. जमले. मास्तरांनी मान डोलावली.

"सापडला हो तुम्हाला ठेका," ती कुजबुजली. "मला अजून काही कळत नाही. मी आपली तुमच्या हाताच्या ओढीवर चालतेय."

मग इतका वेळ ठेका धरला होता कोणी? मी विचार करू लागलो आणि पुढचेच पाऊल थेट तिच्या पायावर पडले.