दुमडलेलं टोक

जीवशास्त्राच्या पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं, सजीव कशाला म्हणायचं? मी लगेच हात वर केला आणि श्वसन, वाढ, हालचाल, सगळी लक्षणं घडाघडा म्हणून दाखवली. तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात माझे मामा परीक्षानळ्या विसळत होते, आणि मी त्यांच्याकडे बेसिनकडे पाहावं तसं पाहत होते.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे मदतनीस. शिकायला म्हणून मी त्यांच्याच घरी राहते. प्रवेशाच्या रांगेत माझ्याऐवजी तेच तीन तास उभे होते. आणि पहिल्या दिवशी घरातून निघताना मी त्यांना काय सांगावं? "मामा, कॉलेजात ओळख दाखवू नका हं. उगाच मुली चिडवतात." ते वाकून चपला घालत होते. "बरं," म्हणाले. अख्खा वर्ग त्यांना मामा म्हणतो, कॉलेजात तशी पद्धतच असते. सख्खी भाची तेवढी "अहो, स्लाइड द्या" म्हणायची. लाज कोळून प्यायले होते मी, दुसरं काय!

मामा आठ वर्षं हंगामीच आहेत. यंदा कायम व्हायचा कागद निघाला होता, त्यावर मॅडमचा शेरा आणि सही तेवढी राहिली होती. मामी रोज विचारायची, "झाली का सही?" मामा म्हणायचे, "होईल गं. सही काय पळून जातेय?"

आणि मग तो जंतूंचा प्रयोग आला. मामांनी काचेच्या चपट्या डिश वाफवून, त्यांत जेलीसारखं आगर ओतून, झाकणांना चिकटपट्टी लावून ठेवल्या होत्या. आम्ही प्रत्येकानं आपली डिश उघडायची, आगरावर बोट टेकवायचं, परत बंद करायची. बोटावरचे जंतू चार दिवसांत डोळ्यांना दिसतात. एक डिश मात्र न उघडता मॅडमच्या टेबलावर ठेवायची. ती कंट्रोल. तिच्यात काही उगवलं नाही, तरच बाकीच्यांतलं आपल्या बोटांचं म्हणायचं.

मॅडम फळ्याकडे वळल्या होत्या, आणि त्यांचं टेबल आमच्या बाकाला लागूनच होतं. शेजारची चष्मिश म्हणाली, "त्या बिचारीला कोणी हातच लावत नाही." मी म्हटलं, "थांब, मी लावते." झाकण उचललं, बोट टेकवलं, पट्टी परत दाबून बसवली. दोघी खुसुखुसू हसलो. अक्कल गहाण टाकली होती, बाकी काही नाही.

चार दिवसांनी कंट्रोलमध्ये हिरवीगार बुरशी! मॅडम भडकल्या. सगळ्या वर्गाचा प्रयोग फुकट गेला होता. त्यांनी मामांना सगळ्यांसमोर बोलावलं. "आठ वर्षं झाली, साध्या डिश नीट वाफवता येत नाहीत? आता तुमच्या कागदावर मी काय शेरा लिहू, सांगा!"

मामांनी डिश हातात घेतली. पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि क्षणभर थांबले. मग म्हणाले, "चुकलं असेल, मॅडम."

चष्मिशनं मला कोपरानं ढोसलं. मी मिठाची गुळणी धरून बसले.

त्या दिवशी जेवताना मामीनं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "या खेपेला नाही व्हायची. माझ्या हातून एक डिश बिघडली." मामीनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. मला इतकी शरम वाटली की वर बघवेना. मामा माझ्यासमोरच बसले होते, आणि तरी त्यांनी एका शब्दानं मला विचारलं नाही.

उठून अभ्यासाला बसले तर समोर वह्या. कव्हरं मामांनी घातलेली. मामांची एक खोड आहे, चिकटपट्टी लावली की तिचं टोक नखभर दुमडायचं. पुढच्या माणसाला उकरत बसायला लागू नये म्हणून. घरातले डबे, औषधांची पाकिटं, सगळीकडे ते दुमडलेलं टोक. मी घाईघाईत दाबलेल्या पट्टीला ते नव्हतं. अंगठा फिरवला तेव्हाच मामांना कळलं होतं की डिश कोणीतरी उघडली आहे. कोणी, हेही कळलं असणार. वर्गात मान खाली घालून मी एकटीच बसले होते.

पुढच्या तासाला मी उभी राहिले. "मॅडम, कंट्रोल मी उघडली होती."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. "तुम्ही हिला ओळखता का? तुमच्या सांगण्यावरून बोलत नाही ना ही?"

"नाही, मॅडम," मामा म्हणाले. "मी नाही ओळखत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. शब्द माझाच होता आणि ते तो पाळत होते.

"कपाटात उरलेल्या डिश बघा, मॅडम," मी म्हटलं. "यांची पट्टी टोकाला दुमडलेली असते. कंट्रोलची नाहीये."

मॅडमनी कपाट उघडलं. सहा डिश होत्या. सहाही स्वच्छ, सहांचीही टोकं दुमडलेली. "हे तुला कसं ठाऊक?"

मामांनी मान हलवली. नको, म्हणत होते ते मला.

मी दप्तरातून वही काढून टेबलावर ठेवली. "कव्हर यांनी घातलंय. हे माझे मामा आहेत. मी यांच्याच घरी राहते."

मॅडमनी वहीच्या पट्टीचं टोक पाहिलं, डिशच्या पट्टीचं पाहिलं. "या प्रयोगात तुला शून्य," त्या मला म्हणाल्या. मग मामांना म्हणाल्या, "तुमचा कागद घेऊन या, सही करते. पण मघाशी तुम्ही ओळखत नाही म्हणालात, ते काय?"

मामा गोंधळले. खोटं बोलल्याचा आळ त्यांना सोसेना.

"कॉलेजात नाही ओळखत, मॅडम," ते म्हणाले. "घरी ओळखतो."

सगळा वर्ग हसला. मामांनी बुरशीची डिश उचलली आणि बेसिनपाशी विसळायला घेऊन गेले.