भिंतीपलीकडचे उत्तर

"गेनबा आला का गं बाय?" इनास गवंड्याने सकाळपासून चौथ्यांदा विचारले.

"येतील भावजी. पुनं काय उशाला हाय का?" शेजारच्या सगुणाबाईने पेजेची वाटी त्याच्या ओठांशी नेली. "तुमी आदी ह्ये घ्या, मेस्तरी."

इनासने तोंड फिरवले. आज मंगळवार. शनिवारपासून त्याच्या छातीत कफ दाटला होता आणि श्वास घेताना आत खवणीवर नारळ खवल्यासारखा आवाज होत होता. डॉक्टरांनी काल भोरहून येऊन नाडी पाहिली, औषधाची बाटली दिली आणि बाहेर ओट्यावर गेनबाला हळूच सांगितले, "जवळचं कुणी असेल तर कळवा." जवळचे म्हणजे वसईचे, आणि तिथे आता कोण उरले होते देव जाणे. इनासने मागितला तो पुण्याचा फादर. पुण्याची मोटार लढाईपायी महिनाभर बंद होती, पेट्रोलच मिळत नव्हते. म्हणून सगुणाबाईचा दीर गेनबा कुणाची तरी सायकल मागून काल दुपारीच निघाला होता.

"फादर येईल, न्हाई आला तर न्हाई," इनास म्हणाला. "देवाला माझं घर ठाव हाय. पण बाय, मरताना तेर्साला उत्तर देणारं कुणीतरी पायजे होतं."

तो काय म्हणतो आहे हे सगुणाबाईला अगदी नेमके कळले. तरी ती वाटीतली पेज ढवळत बसली.

इनास या उत्रोली गावात आला तो भाटघरच्या धरणाच्या कामामुळे. देशोदेशीचे पाथरवट आणि गवंडी तिथे जमले होते, त्यात हा वसईचा किरिस्ताव. बरोबर बायको इझाबेल आणि सहा वर्षांची लुसी. पोर तिथल्या हिवतापात गेली. जवळपास चर्च नाही, त्यांची दफनभूमी नाही. सगुणाबाईच्या सासऱ्याने आपल्या माळाची कड दाखवली आणि म्हणाला, "हितं ठेव लेकराला. माती काय जात इचारती व्हय?" धरण पुरे झाले, सगळे गवंडी आपापल्या मुलखाला गेले. इझाबेल मात्र हलेना. पोरीला परक्या माळावर एकटी टाकून जाणार नाही म्हणाली. इनासने फार डोके लावले नाही. सगुणाबाईच्या घराला लागून दोन खण मागितले, मधली भिंत स्वतः लिंपली आणि गावचा होऊन गेला. गावानेही इझाबेलची इजाबाई करून टाकली.

पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांची जोती त्याच्या हातची. भैरोबाच्या देवळाच्या पायऱ्याही त्यानेच बांधल्या. "मेस्तरी, आमच्या द्येवाच्या पायऱ्या वाकड्या केल्या तर भैरोबा सोडायचा न्हाई," असे गेनबाने चिडवले, तेव्हा ओळंबा सोडत हा म्हणाला, "भैरोबा सोडंल, हा ओळंबा सोडायचा न्हाई." त्या पायऱ्या आजही सुताइतक्याही कललेल्या नाहीत.

रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडे नवराबायकोचा तेर्स सुरू होई. तेर्स म्हणजे त्यांची माळेची प्रार्थना. दहा बारीक मणी, मग एक सुटा, अशा पाच दहाव्या. दर बारीक मण्याला देवमातेची तीच एक विनवणी, आणि तीही दोघांत वाटलेली. पहिली अर्धी इनासने म्हणायची, "नमो मरिये, कृपापूर्णे" अशी. तो थांबला की दुसरी अर्धी इजाबाईने. "पवित्र मरिये, देवमाते," असे तिचे उत्तर सुरू व्हायचे आणि "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" आमच्यासाठी विनंती कर, असे संपायचे. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी खुंटा फिरवावा तसे चाले. भिंतीच्या अलीकडे सगुणाबाई भाकऱ्या थापायची. पहिल्या वर्षी तिला त्या गुणगुणीचा वैताग आला. मग सवय झाली. पुढे पुढे तर पाच दहाव्यांत पाच भाकऱ्या होतात, हा हिशेबच बसून गेला.

एकदा ओट्यावर गेनबाने विचारलेच. "मेस्तरी, त्येच त्येच पन्नासदा का म्हनता? तुमच्या द्येवीला एकदा सांगून कळत न्हाई?"

इनास हसला. "गेनबा, दगड एका टोल्यात बसतो का? बसंपरयंत त्याच जाग्याला मारायचं. आन् ते तिच्यासाठी नसतं, आपल्यासाठी असतं. हाताला मनी दिला, तोंडाला शबूद दिलं, म्हंजे दोघं गप बसत्यात. मंग मन मोकळं होतं बघायला."

"काय बघायला?"

"तिचा जनम. एकेका दहावीला एकेक गोष्ट डोळ्यांम्होरं आणायची. सोमवारी आनंदाच्या. लेकरू झालं, मोठं झालं, जत्रंत हरवलं, तीन दिसांनी देवळात घावलं. मंगळवारी दुःखाच्या. त्याच लेकाला मारलं, काट्यांचा मुगूट घातला, क्रुसाला खिळलं, आन् आई खाली उभी."

जवळ तांदूळ निवडणारी इजाबाई मान वर न करता म्हणाली, "तिला पोर गेल्याचं सांगावं लागत न्हाई. म्हनून तिच्याकडं जायाचं."

गेनबाने पुढे होऊन तिच्या तांदळातला एक खडा वेचला. तीन महिन्यांपूर्वी त्याचेही मूल गेले होते.

मग पाच वर्षांमागे इजाबाई गेली. माळाच्या कडेला लुसीशेजारी तिला ठेवले. नवव्या दिवशी दिवेलागणीला सगुणाबाईने भिंतीपलीकडून इनासचा आवाज ऐकला. त्याने आपली अर्धी म्हटली आणि तो थांबला. उत्तराला जितका वेळ लागायचा, अगदी तितका वेळ थांबला. मग पुढचा मणी. उत्तर त्याने स्वतः म्हटले नाही. ती जागा इजाबाईची होती, आणि गवंड्याला दुसऱ्याच्या जागेत आपला दगड घालवत नाही.

रोज पन्नास वेळा ती शांतता सगुणाबाईच्या कानावर पडायची. एके दिवशी पीठ मळताना तिच्या ध्यानात आले की आपलेच ओठ हलताहेत. सगळे शब्द येत होते, इजाबाईच्या हेलासकट. तिने दचकून पदर तोंडाला लावला. गावात कळले तर? सगुणा बाटली म्हणतील. भैरोबाला काय वाटेल? त्या दिवसापासून मेस्तरी थांबला की ती मुद्दाम परात वाजवायची.

आणि आता तो म्हणत होता, उत्तर देणारे कुणीतरी पाहिजे होते.

ऊन उतरता उतरता गेनबा आला, धुळीने माखून. "फादर मिळालं. उद्या सकाळी निघत्यात, सायकलवरच. म्हनलं, मानसाला धीर द्या, माळ हातात द्या."

"उद्या," इनास म्हणाला. त्याने उशाखालून माळ काढली. लाकडी मणी वापरून वापरून गुळगुळीत झाले होते. "आज मंगळवार. दुःखाच्या."

त्याने सुरुवात केली. आवाज चिरकत होता, पण शब्द जागच्या जागी होते. अर्धी म्हणून तो थांबला. खोलीत फक्त त्याचा श्वास घरघरत होता. दुसरा मणी, पुन्हा तीच शांतता. उंबऱ्यात बसलेला गेनबा जमिनीकडे बघत राहिला. सगुणाबाईने हात धरले मांडीत आवळून. वाजवायला आज परात नव्हती.

तिसऱ्या मण्याला ती म्हणाली, "पवित्र मरिये, देवमाते..."

गेनबाने चमकून मान वर केली. सगुणाबाईने त्याच्याकडे पाहिलेच नाही. सुरू केले ते संपवायचे म्हणून, शाळेतल्या पोरीसारखे, ती एका दमात म्हणून गेली. "आमां पाप्यांसाटी, आनि आमच्या लुसीसाटी, आता आनि आमच्या मरनाच्या वेळी इनंती कर."

इनासचे डोळे उघडले.

त्या प्रार्थनेत लुसी नाही. जगात कुठल्याच किरिस्तावाच्या माळेत ती नाही. तिच्या आईने ती आत घातली होती, पोर गेली त्या संध्याकाळी, आणि मरेपर्यंत एकाही मण्याला वगळली नव्हती. सगुणाबाईला काय ठाऊक? तिला वाटले, त्यांच्या देवीच्या प्रार्थनेत गेलेल्या लेकराचे नाव असेच घेतात. पाच वर्षांत ते नाव त्या खोलीत कुणी उच्चारले नव्हते.

"चुकलं का?" ती घाबरून म्हणाली. "इजाबाई असंच म्हनायच्या. म्या भिंतीतनं ऐकलं."

इनासच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळले. "न्हाई बाय. बराबर हाय," तो म्हणाला. "सोडू नको."

मग दोघे पुढे गेली. दुसऱ्या दहावीला त्याचा आवाज खाली गेला. तिसरीला "नमो मरिये" एवढेच ऐकू येई आणि ती आपले सगळे म्हणे. चौथीला शब्द उरले नाहीत, नुसता अंगठा मण्यावर सरकायचा. ती अंगठ्याकडे बघून उत्तर द्यायची. गेनबाने कधी पागोटे काढून मांडीवर घेतले, ते त्यालाही कळले नाही. पाचव्या दहावीच्या सहाव्या मण्यावर अंगठा थांबला. सगुणाबाईने उत्तर दिले आणि वाट पाहिली. आणखी वाट पाहिली. बाहेर गेनबाच्या गाई रानातून परतत होत्या.

"वैनी," गेनबा हळूच म्हणाला.

"थांबा," ती म्हणाली, आणि उरलेल्या चार मण्यांची उत्तरे तिने बोटांच्या पेरांवर मोजून दिली.

फादर दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोचले. माळावर तिसरी माती लोटली गेली. सगुणाबाईच्या सांगण्यावरून माळ इनासच्याच हातात राहू दिली होती. फादरांनी प्रार्थना सुरू केली. उत्तराला कुणी असेल अशी त्यांना अपेक्षा नव्हती, म्हणून नऊवारीतली, कपाळाला कुंकू नसलेली ही विधवा बाई पुढे येऊन बोलू लागली तेव्हा ते थबकले. लुसीचे नाव आले तेव्हा तर त्यांनी चूक सांगायला तोंड उघडले. मग त्यांची नजर शेजारच्या लहानग्या कबरीकडे गेली. घडीव दगडावर, ओळंब्यात, ते नाव कोरलेले होते.  पुढच्या मण्याला आपली अर्धी म्हणून झाल्यावर ते तिचे सगळे म्हणून होईपर्यंत थांबले.

गावात चार दिवस कुजबुज झाली. "सगुणा बाटली काय रं?" असे पारावर कुणीतरी विचारले, तेव्हा गेनबा म्हणाला, "ज्या पायऱ्या चढून भैरोबाला जातूस, त्या कुनी बांधल्या ते आदी इचार." विषय तिथेच संपला.

पाचव्या दिवशी सगुणाबाई दिवेलागणीला भाकऱ्यांना बसली. पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि सवयीने तिचा कान भिंतीला लागला. पाच वर्षे त्या माणसाने इजाबाईची जागा मोकळी ठेवली होती. सगुणाबाई त्याच्या अर्धीला लागायचा तेवढा वेळ गप्प बसली. मग हलकेच तिने आपले उत्तर दिले, लुसीच्या नावासकट.

तेवढ्यात भाकरी करपली. ती तिने आपल्याच ताटात वाढून घेतली.