डावे हात

युक्ती मास्तरांचीच. तपासणीचे साहेब वर्गात आले की प्रत्येकाने हात वर करायचाच. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. साहेबांना हातांचं रान दिसायचं आणि मास्तर बरोबर एखादा उजवा हात निवडायचे. इतक्या वर्षांत कुणाला सुगावा लागला नव्हता. आणि मास्तर शिकवायचे काय, तर नागरिकशास्त्र!

आजही सगळं सुरळीत चाललं होतं. "नागरिकाचं कर्तव्य काय?" साहेबांनी विचारलं. मास्तरांनी टकळीकडे बोट केलं. टकळी म्हणजे वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी. तिने घडाघडा म्हणून दाखवलं, "अन्याय दिसला की गप्प बसू नये!"

साहेब खूश. जाता जाता सहज म्हणाले, "मुलींनो, तुमच्या स्वच्छतागृहात पाणी येतं ना? येत असेल तर हात वर करा."

तिथला नळ कधीचा ठणठणीत कोरडा. जायची वेळच येऊ नये म्हणून पोरी शाळेत पाण्याचा घोट घेत नसत. पण साहेबांपुढे हात वर करायचाच, हे अंगवळणी पडलेलं. झाडून सगळ्या मुलींचे हात वर गेले.

सगळे डावे.

"छान!" म्हणत साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत चहाला गेले.

मास्तरांनी खडू उचलला, परत ठेवला. खरं सांगावं तर आपलंच बिंग फुटणार, तेही निवृत्ती तोंडावर आलेली असताना. ते खुर्चीत जाऊन बसले.

"सर, आमचे हात दिसले ना तुम्हाला?" टकळीने विचारलं.

"दिसले."

"मग बोलला का नाहीत?"

"खाली बस. मोठ्यांच्या काही अडचणी असतात."

"मोठ्यांच्या नळाला पाणी येतं, सर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर उठून दारात गेले. साहेबांना गाठायला की वाट अडवायला, त्यांचं त्यांनाच कळेना. तेवढ्यात टकळी समोर येऊन उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"साहेबांकडे."

"काय सांगणार?"

"सगळं. डाव्या हातापासून."

"माझं नाव घेशील?" तोंडून निसटलं, आणि मास्तरांना स्वतःचीच शिसारी आली.

"घ्यावंच लागेल ना, सर."

ते दारातून बाजूला सरले. जन्मभर शिकवलेल्या नागरिकशास्त्रातलं त्यांना तेवढंच जमलं.